जोडी लागली का?

दिवाळीच्या सुट्टीत धारवाडला घरी गेले, तर माझ्या खोलीचं वर्कशॉप झालेलं. टेबलावर सोल्डर गन, पलंगावर चार छोट्या मोटारी, कपाटाच्या दाराला सेलोटेपने चिकटवलेला वायरिंगचा नकाशा. माझा धाकटा भाऊ डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मान वर न करता म्हणाला, "अक्का, दोन दिवस तू अज्जीच्या खोलीत झोप की." गेल्या सहा महिन्यांत तो माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब मराठी वाक्य होतं.

त्याचं कारण मला माहीत होतं. मे महिन्यात पुण्याचे पाहुणे आले होते. त्यांच्यासमोर तो म्हणाला, "सकाळपासून सगळं काम मीच केलो." मी लगेच म्हणाले, "केलो नाही रे, केलं." पाहुणे हसले, मीही हसले. आमच्याकडे धारवाडात पिढ्यान्‌पिढ्या कन्नडच्या शेजारात राहून मराठी असंच झालंय. 'मी जेवण केलो', 'मी सांगितलो.' कॉलेजच्या पहिल्या वर्षी होस्टेलवर मलाही याच 'केलो'वरून हसले होते. मी महिनाभरात ते जिभेवरून पुसून टाकलं आणि घरी येऊन भावावर तेच केलं. त्या दिवसापासून त्याचे मेसेज इंग्रजीत यायला लागले. 'ओके', 'फाइन', 'रीच्ड'.

आपल्या वाङ्मय मंडळात मी मोठ्या अभिमानाने सांगत असते की, जी. ए. कुलकर्णी आमच्या धारवाडात इंग्रजी शिकवत आणि मराठीत कथा लिहीत. आमच्या साधनकेरीतले द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलत आणि कविता कन्नडात करत. तीन-तीन भाषा एकाच गावात सुखाने नांदतात वगैरे. घरात मात्र एका 'केलो'वरून माझ्याशी बोलणं बंद झालं होतं.

तर तो ड्रोन. लग्नात फोटो काढतात तसला नव्हे. याला एफपीव्ही म्हणतात. ड्रोनच्या नाकावर कॅमेरा असतो आणि उडवणाऱ्याच्या डोळ्यांवर गॉगल. कॅमेऱ्याला जे दिसतं तेच त्याला दिसतं. आपण स्वतःच पुढे बसून उडतोय असं वाटतं. 2022 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने तयार ड्रोन बाहेरून आणायला बंदी केली, पण सुट्या भागांना बंदी नाही. म्हणून भावासारखी मुलं भाग मागवून घरीच जोडतात. वजन त्याने 250 ग्रॅमच्या आत ठेवलं होतं. 2021 च्या नियमांत एवढ्या वजनाचा ड्रोन 'नॅनो' धरतात आणि तो हौसेने उडवायला पायलटचं लायसन्स लागत नाही.

फ्रेम, मोटारी, बोर्ड जोडून झाले होते. अडलं होतं ते पेअरिंगला. म्हणजे हा रिमोट आणि हा ड्रोन एकमेकांचे, हे दोघांनाही पटवून देणं. आई दर दोन तासांनी दारात येऊन विचारायची, "जोडी लागली का?" जणू स्थळच बघतोय!

ड्रोनवर नखाएवढा एक रिसीव्हर असतो. त्याला तीन वेळा पटापट करंट द्यायचा आणि काढायचा. तिसऱ्या वेळी त्याचा दिवा दोन-दोनदा लुकलुकायला लागतो. याचा अर्थ, तो ऐकायला तयार आहे. मग रिमोटच्या मेनूत जाऊन 'बाइंड' दाबायचं. दिवा स्थिर झाला की जोडी लागली. आमचा दिवा लुकलुकत राहिला. पुन्हा काढ, पुन्हा घाल. एकट्याला दोन हात पुरत नव्हते, म्हणून त्याने मला बोलावलं. मी बॅटरी लावायची, त्याने बटण दाबायचं. माझा हात सावकाश पडतोय म्हणून तो चिडला; मी म्हणाले, मग तूच कर. तासाभराने खरी गोष्ट कळली. रिमोटमधलं सॉफ्टवेअर तिसऱ्या आवृत्तीचं होतं आणि रिसीव्हरमधलं दुसऱ्या. ही एक्स्प्रेसएलआरएस नावाची पद्धत आहे. तिच्यात दोन्हीकडचा हा पहिला आकडा जुळला नाही, तर दोघं समोरासमोर असूनही एकमेकांना ओळखत नाहीत. बटण कितीही दाबा.

मग रिसीव्हरचं सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं. त्याला ना स्क्रीन, ना बटण. पण तोडगा त्याच्यातच होता. साधारण मिनिटभर कुणी रिमोट त्याला भेटला नाही, की तो स्वतःच एक वायफाय सुरू करतो. फोनवर ते नाव येतं, आपण जोडून घ्यायचं, त्याचं पान उघडायचं आणि नवीन फाइल चढवायची. हे मला फार आवडलं. एवढीशी वस्तू, कुणी ओळखलं नाही तर रुसून बंद पडत नाही; दुसरं दार उघडून बसते. मी हे मोठ्याने म्हणाले नाही. म्हटलं असतं तर टोमणा वाटला असता, आणि तो कुणाला बसला असता तेही सांगता येत नाही.

नवीन फाइल करताना एक वाक्य विचारतात, 'बाइंडिंग फ्रेज'. तेच वाक्य रिमोटमध्येही घालायचं. त्या शब्दांवरून सहा बाइटांची एक ओळख तयार होते आणि दोन्हीकडे तीच असली की करंट देण्या-काढण्याचा खेळ करावाच लागत नाही. शब्द स्वतः हवेत कधी जात नाहीत. भाऊ म्हणाला, "हे पासवर्ड नव्हे अक्का. कुणी चोरू नये म्हणून नसतं. मैदानात दहा जण उडवत असले, तर आपला रिमोट भलत्याच्या ड्रोनला लागू नये म्हणून."

त्याने फ्रेज टाईप केली. मी वाकून बघितलं. रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहिलं होतं: 'पान वाढलंय बर्री'.

अज्जी रोज रात्री स्वयंपाकघरातून हीच हाक मारते. पान वाढलंय हे मराठी, बर्री म्हणजे 'या' हे कन्नड. कुणी कुठल्याही खोलीत असो, या हाकेला उठून येतं. आजवर ती कुणी दुरुस्त केलेली नाही.

दोन्ही बाजूंना फ्रेज घातली, बॅटरी लावली. दिवा दोन क्षण लुकलुकला आणि स्थिर झाला. आम्ही दोघं एकदम ओरडलो. आई पळत आली.

आनंद दहा मिनिटं टिकला. लॅपटॉपवर बघितलं, तर रिमोटची काडी हलवूनही पडद्यावरचे पट्टे ढिम्म. दिवा तर स्थिर! म्हणजे रिमोटचं रिसीव्हरपर्यंत पोचत होतं, पण रिसीव्हरचं ड्रोनच्या मेंदूपर्यंत पोचत नव्हतं. पुन्हा नकाशा काढला. रिसीव्हरवर एक टोक बोलायचं असतं, टीएक्स, आणि एक ऐकायचं, आरएक्स. बोर्डावरही तसंच. एकाचं बोलायचं टोक दुसऱ्याच्या ऐकायच्या टोकाला जोडायचं असतं. भावाने बोलायला बोलायचं आणि ऐकायला ऐकायचं जोडलं होतं. दोघंही बोलतायत, कुणीच ऐकत नाही. तो कपाळाला हात लावून हसला. मीही हसले, पण या वेळी त्याच्याबरोबर. सोल्डर संपलं होतं. तो चिगरी बसने हुबळीला जाऊन दुर्गदबैलाजवळच्या दुकानातून घेऊन आला. रात्री तारा उलटसुलट केल्या आणि पट्टे हलले.

पंखे न लावता आणखी एक गोष्ट तपासली. मोटारी हळू फिरत असताना त्याने मुद्दाम रिमोट बंद केला. क्षणभराने मोटारी थांबल्या. याला फेलसेफ म्हणतात. संपर्क तुटला तर काय करायचं, हे जोडी जमलेली असतानाच ठरवून ठेवायचं. नाहीतर तुटल्यावर ड्रोन सुटतो कुठेही.

राहिला गॉगल. मला वाटलं तिथेही बाइंड असेल. महागड्या डिजिटल गॉगलला असतं, आमच्या साध्या ॲनालॉगला नसतं. ड्रोन 5.8 गिगाहर्ट्झवर आपलं चित्र चारी दिशांना सांगत सुटतो. त्या चॅनलवर जो गॉगल लावेल त्याला ते दिसतं. आपण फक्त चॅनल जुळवायचा, जुन्या रेडिओसारखा. अँटेना न लावता व्हिडिओ ट्रान्समीटर चालू करायचा नाही, जळतो. जागेवर ठेवून फार वेळही चालवायचा नाही, वारा नसल्यामुळे तापतो. म्हणून सीलिंग फॅन पाचवर ठेवून, अंगावर शाल घेऊन आम्ही बसलो. गॉगलमध्ये 'ऑटो सर्च' होतं. ते दाबलं आणि स्वच्छ चित्र आलं. गॉगल माझ्या डोळ्यांवर होता. ड्रोन टेबलावर होता आणि मला मीच दिसत होते, तोंडासमोर खोकं बांधलेली, शाल पांघरलेली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलगेरीच्या पुढे गेलो. तिकडे भात कापून झालेली शेतं आहेत आणि कडेला हापूसच्या बागा. सरकारच्या डिजिटल स्कायच्या नकाशावर जागा हिरव्यात आहे हे बघून घेतलं होतं. शेत ओळखीच्यांचं होतं. गॉगल लावलेल्याला आजूबाजूचं काही दिसत नाही, म्हणून शेजारी एक उघड्या डोळ्यांचा माणूस लागतो. ती मी.

ड्रोन उडाला. पन्नास-साठ मीटर गेला असेल आणि भाऊ ओरडला, "मुंग्या आल्या! अक्का, काही दिसेना!" रिमोट लागलेला होता, हात चालत होता, फक्त डोळे गेले होते. त्यामुळे आम्ही एवढ्या कौतुकाने लावलेला फेलसेफही गप्पच. त्याच्या दृष्टीने संपर्क शाबूत होता. मला ड्रोन स्पष्ट दिसत होता. मी सांगायला लागले, "अरे थांब, तो आंब्याच्या झाडाच्या दिशेने चाललाय, तू जरा वर घेतलास ना, म्हणजे—"

ड्रोन झाडात गेला.

भावाने मोटारी बंद केल्या, गॉगल काढला, माझ्याकडे बघितलं. "अक्का, तू निबंध सांगायलीस."

मला राग आला आणि लगेच गेला, कारण ते खरं होतं. समोर झाड येत असताना मी वाक्य नीट बांधत बसले होते.

बागेतले एक काका जाळीची काठी घेऊन आले. भावाने रिमोटवरून बीपर वाजवला, आवाजावरून फांदी सापडली. दोन पंखे तुटले होते, बाकी ठीक. चित्र का गेलं तेही सापडलं. ड्रोन 5800 मेगाहर्ट्झवर बोलत होता आणि ऑटो सर्चने गॉगल शेजारच्या 5780 वर नेऊन ठेवला होता. एका खोलीत असताना सिग्नल इतका जोरदार असतो की शेजारच्या चॅनलवरही चित्र स्वच्छ दिसतं. लांब गेल्यावर कळतं की आपण नेमके जुळलेलोच नव्हतो. जवळ असताना चालून जातं. मला उगाच आमचे सहा महिने आठवले.

बांधावर बसून डबा खाल्ला. भाऊ म्हणाला, "आपण शब्द ठरवू. एकेक. लहान." मी वर, खाली म्हणाले. तो म्हणाला, "लहानपणी झाडावर चढताना तू काय ओरडायचीस?" मग आपोआप आठवलं. म्याले म्हणजे वर, केळगे म्हणजे खाली, तडी म्हणजे थांब, बा म्हणजे परत ये, साकु म्हणजे पुरे, मोटारी बंद. पाचही कन्नड. ते त्याच्या कानांतून थेट बोटांत जातात. मध्ये कुठे अर्थ लावावा लागत नाही. माझ्याही तोंडून विचार न करता निघतात.

गॉगलचा चॅनल हाताने 5800 वर लावला. नवीन पंखे बसवले. मी त्याच्या खांद्याला टेकून उभी राहिले. ड्रोन बागेच्या टोकापर्यंत गेला. मी एकदा "म्याले" म्हणाले, तो उठला. एकदा बांधावरून एक आजी येताना दिसल्या, "तडी" म्हणाले, तो हवेत थांबला. "बा" म्हणाले तेव्हा लाल मातीवरून त्याची सावली आमच्याकडे येत होती. उतरल्यावर भावाने गॉगल माझ्या हातात दिला. "पुढच्या वेळी तू उडव. मी ओरडतो."

परत येऊन महिना झाला. परवा त्याचा मेसेज आला, देवनागरीत: 'अक्का, मोटार जळली होती, नवी घालून ठीक केलो.' मी उत्तर लिहिलं, 'बरं केलास. मी येईपर्यंत मोडू नको.'

ही फ्रेज मासिकात छापू का, असं त्याला विचारलं. म्हणाला, "छाप की. ऐकून कोण येतंय धारवाडला?" आलात तर या. पान वाढलेलं असेल.