भांडे गार, दूध पोळते
पिशोरला आमच्या घरी सुनेने मायक्रोवेव्ह आणला. अमेरिकेत पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ साली रडारच्या लहरींवरून शोधलेली ही युक्ती. चुलीवर भांड्याला हात लावला की आतले दूध किती तापले ते कळते. येथे उलटा न्याय! लहरी दुधालाच तापवतात, तेही सारखे नाही. बाटली कोमट लागते, पण आत एखाद्या जागी दूध पोळणारे असते. म्हणून भगिनींनो, नातवाची बाटली मी गरम पाण्याच्या पातेल्यातच ठेवते, हलवून थेंब मनगटावर बघते. सून हसते, हसू दे. मोठ्यांचे दूध मात्र त्यात तापवते. ढवळून, मिनिटभर थांबूनच देते. जर्मनचे पातेले आत नको, ठिणग्या उडतात. कवचासकट अंडे तर मुळीच नको, फुटते.