मूडल, क्लासरूम आणि ऊसतोड

परवा शनिवारी नगरला (आता अहिल्यानगर, पण तोंडातून नगरच येतं) मामांकडे गेलो होतो. मामा पाथर्डी तालुक्यातल्या एका कॉलेजात शिकवतात. चहा होतोय तोवर म्हणाले, "तू आयटीतला ना? मग सांग, मूडल बरं की गूगल क्लासरूम?"

झालं! लॅपटॉप काढून एक्सेल उघडलं. ऑफिसची सवय, दुसरं काय...

मूडल २००२ पासूनचं. ओपन सोर्स, फुकट. प्रश्नपेढी, प्रत्येकाला वेगळे प्रश्न, मार्कांचा हिशोब, सगळं आहे. पण सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूस. क्लासरूम २०१४ चं. पाच मिनिटांत वर्ग सुरू. टेस्टसाठी मात्र गूगल फॉर्म जोडायचा, आणि त्याला नेट हवंच. २०१७ चं 'स्वयम्' वेगळंच. तिथे बाहेरचे प्राध्यापक शिकवतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स घेता येतात, पण मामांचा स्वतःचा वर्ग तिथे कसा चालणार?

मी ऐटीत निकाल दिला, "क्लासरूम घ्या. सर्व्हरची कटकट नाही."

मामा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझी एक विद्यार्थिनी दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाते, ती मार्चमध्ये परत येते. कोपीवर रेंज नाही. फोन एकच, तो दिवसभर बापाच्या खिशात. मागच्या वर्षी इंटर्नलला शून्य पडलं तिला. तुझ्या तक्त्यात ती कुठंय?"

कुठेच नव्हती. किंमत, फीचर्स, सिक्युरिटी असे रकाने होते फक्त. मुकाट्याने नवा रकाना घातला : नेट नसेल तर?

आणि निकाल फिरला. मूडलच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये धडे आधी उतरवून ठेवता येतात. शिक्षकाने तशी सोय चालू केली असेल तर टेस्टही नेटशिवाय सोडवता येते, रेंज मिळाली की उत्तरं पाठवायची. म्हणजे आठवड्यातून एकदा बाजाराच्या गावी गेली तरी भागेल.

"सर्व्हर मी बघतो," मी म्हणालो. "पण फोनचं काय?"

"त्याचं मी बघतो. रात्री जेवणानंतर तासभर फोन तिचा, एवढं तिच्या वडिलांशी बोलून ठेवतो."

असो. येत्या शनिवारी इन्स्टॉल करायला बसतोय. टोळी निघायच्या आत व्हायला हवं.