नकार माझा नव्हता

चाकूर मागे पडलं तेव्हा मी पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढलं. लातूरहून नांदेडला जाणारी एसटी, मे २०२३ चा दुसरा आठवडा, खिडकीतून तव्यावरून आल्यासारखा वारा. बायकांना अर्धं तिकीट सुरू होऊन दोनच महिने झाले होते, गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. कार्डावर शेवटी दोन ओळी होत्या : ‘पेशंट नॉट विलिंग फॉर सर्जरी. डिस्चार्ज ऑन रिक्वेस्ट.’ रुग्ण शस्त्रक्रियेला तयार नाही, विनंतीवरून घरी सोडलं. खाली माझ्या दादाची सही.

मी तयार नव्हते? आदल्या दिवशी सकाळी सहा वाजता हिरवा गाऊन घालून, दोन वेण्यांना पट्टी बांधून मी थिएटरच्या दाराशी ट्रॉलीवर पडले होते. बांगड्या, मंगळसूत्र वहिनीच्या रुमालात बांधलेलं. नाकातली चमकी निघेना म्हणून सिस्टरनं तिच्यावर चिकटपट्टी लावली होती. माणूस आणखी किती तयार असतं?

मी नांदेडला एका अनुदानित शाळेत मराठी शिकवते. जानेवारीत फळ्यावर लिहिताना शिरोरेषा सरळ येईना. ‘कर्मणी’ लिहिलं की वरची रेघ लाटेसारखी दिसायची. पुढच्या बाकावरची मुलं एकमेकांकडे बघायची. वजन तीन महिन्यांत नऊ किलो उतरलं होतं. जाऊबाई म्हणायच्या, “एवढं खायलीस, अन् अंगाला कसं लागंना गं?” तपासणीत टीएसएच ०.०१ च्याही खाली निघाला, टी-थ्री, टी-फोर भलतेच वाढलेले. ग्रेव्ह्जचा आजार. गळ्याशी गाठीसारखी सूज होतीच, डोळेही मोठे दिसू लागले होते.

इथं एक गोष्ट सांगून ठेवते, कारण तिच्यापायी आमच्या घरातच घोटाळा झाला असता. आपल्याकडं ‘मला थायरॉईड आहे’ म्हटलं की झालं. पण थायरॉईड कमी पडणं आणि जास्त होणं हे दोन उलटे आजार आहेत. जाऊबाईंना कमीचा. त्या रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेतात. त्यांनी मायेनं आपली बाटली माझ्यापुढं ठेवली, “मेडिकलवर कशाला जातीस, हीच घे.” मी ती घेतली असती तर आगीत तेल. कुणी सैंधव मीठ सुचवलं, कुणी धन्याचं पाणी. आयोडीन कमी पडून होणारा गलगंड वेगळा. माझा आजार मिठामुळं नव्हता. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीला चाबूक मारत बसते, असा तो आहे.

नांदेडच्या डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या. पहिली, कार्बिमॅझोलच्या गोळ्या, वर्ष-दीड वर्ष. त्यांनी बरं वाटतं, पण सोडल्यावर साधारण निम्म्या लोकांना आजार परत येतो. ताप आला किंवा घसा दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं, कारण क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. दुसरी वाट किरणोत्सारी आयोडीनची. एकदा गिळायचं, ग्रंथी हळूहळू निकामी होते. पण डोळे सुजलेले असतील तर ते आणखी बिघडू शकतात, म्हणून माझ्यासाठी ती मागं पडली. तिसरी शस्त्रक्रिया. ग्रंथीच काढायची, मग जन्मभर जाऊबाईंचीच गोळी. या ग्रंथीच्या मागून आवाजाची नस जाते आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या मुगाएवढ्या चार ग्रंथी तिला चिकटून असतात.

शिक्षिकेला आवाजाची भीती वाटणारच. तरी मी ऑपरेशन निवडलं. तोवर सुरू झालेल्या रोजच्या गोळ्या आणि दर महिन्याला सुई यांचा कंटाळा आला होता. मे महिन्याची सुट्टी होती. लातूर माझं माहेर, तिथं आई, वहिनी करायला होत्या. एकदाचं काढून टाकू, जूनमध्ये वर्गावर उभी राहीन, असा माझा हिशेब होता.

ऑपरेशनच्या नऊ दिवस आधी लातूरच्या त्या दवाखान्यातून फोन आला. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या उद्यापासून बंद करा. मी विचारलं, “थायरॉईडच्या पण?” पलीकडून उत्तर आलं, “सगळ्या म्हणजे सगळ्या, मॅडम.” मी बंद केल्या. कार्बिमॅझोल बंद, नाडी आवरणारी प्रोप्रॅनोलॉलही बंद. नांदेडच्या डॉक्टरांना एक फोन करायला हवा होता, तो मी केला नाही. दवाखान्यानं सांगितलंय म्हटल्यावर शंका घ्यावी असं मनात आलंच नाही.

आता ती सकाळ. भूल देणाऱ्या मॅडम आल्या. त्यांनी मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिल्या. मग मला हात पुढं करून बोटं पसरायला लावली, त्यावर एक कागद ठेवला. कागद पानासारखा थरथरत होता. “गोळ्या चालू आहेत ना?” त्यांनी विचारलं. “तुम्हीच बंद करायला सांगितल्या.” त्या एवढंच म्हणाल्या, “कोणी?” आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या. आतून बोलण्याचे आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. वीसेक मिनिटांनी वॉर्डबॉयनं ट्रॉली उलटी वळवली. “काय झालं?” “माहीत नाही ताई, खाली न्यायला सांगितलं.”

सर्जन माझ्याकडं आलेच नाहीत. ते दादाशी बोलले, तेही जिन्यात. गळा माझा, आजार माझा, शुद्धीवरही होते मी, पण कारण सांगायला त्यांना पुरुष माणूस लागला. दादाला समजलं ते इतकंच, की ‘आज होणार नाही, पुढं बघू.’ काउंटरवर भरलेल्या पंधरा हजारांतले सहा कापून घेतले, एका कागदावर बोट ठेवलं, दादानं सही केली. तो आडत दुकानात हिशेब लिहितो, दिवसाला शंभर पावत्या वाचतो. पण बहिणीच्या काळजीत असलेलं माणूस दवाखान्याचा कागद वाचत नाही, सही करतं. त्याला मी कधीही दोष दिला नाही.

मला राग आला तो त्या ओळीचा. मी नववीला प्रयोग शिकवते. वाक्यातला कर्ता कोण हे आधी शोधा, मग पुढं जा, असं घसा कोरडा करून सांगते. इथं कर्ताच बदलला होता. नाही म्हणाले ते, लिहिलं माझ्या नावावर. फोनवरची चूक, सकाळची नाडी, परत फिरवलेली ट्रॉली, हे सगळं एका वाक्यानं पुसलं गेलं आणि उरली एक भित्री बाई, जी ऐनवेळी पळाली. अहमदपूरला गाडी थांबली, लोक उतरले, चढले. माळेगाव, लोहा येऊन गेलं. मी तेच वाचत होते.

पुढं प्रत्येक डॉक्टर तेच कार्ड वाचणार होता. आणि तसंच झालं. नांदेडला दुसऱ्या सर्जनकडं गेले तर पहिलाच प्रश्न, “तुम्हीच नको म्हणालात ना?” घरी नातेवाईकही कुजबुजले, घाबरली असेल.

मी दवाखान्याला अर्ज लिहिला. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, कार्डात खाडाखोड करता येत नाही. मग दुसरा अर्ज केला. रुग्णानं मागितल्यावर त्याचे कागद ७२ तासांत द्यावेत असं भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे, ते त्यात लिहिलं. पाचव्या दिवशी झेरॉक्स मिळाली. आतल्या कागदावर भूल देणाऱ्या मॅडमनी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं होतं : नाडी १२६, हाताला कंप, गोळ्या बंद, आज भुलीसाठी योग्य नाही, पुढं ढकला. वेळ सहा वाजून चाळीस मिनिटं. खरं आत फायलीत होतं, माझ्या हातात दिलं ते दुसरंच.

त्या मॅडमनी माझा जीव वाचवला, हे मला नंतर कळलं. थायरॉईड ताब्यात नसताना गळ्याला सुरी लावली तर संप्रेरकांचा पूर येऊ शकतो. त्याला थायरॉईड स्टॉर्म म्हणतात. ताप चढतो, हृदय सुसाट सुटतं, भान जातं, आणि उपचार करूनही माणूस दगावू शकतं. म्हणूनच आधी गोळ्यांनी रक्तातली पातळी उतरवतात, आणि त्या गोळ्या ऑपरेशनच्या दिवसापर्यंत सोडायच्या नसतात. नकार योग्यच होता. कुणी माझ्या उशाशी उभं राहून दोन मिनिटांत हे सांगितलं असतं तर मी हात जोडून घरी गेले असते.

गोळ्या परत सुरू झाल्या. सप्टेंबरमध्ये टी-थ्री, टी-फोर नॉर्मलला आले, टीएसएच वर यायला आणखी वेळ लागला. दुसरे सर्जन म्हणाले, “आता करता येईल, तारीख घ्या.” मी रात्रभर जागी राहिले आणि सकाळी त्यांना कळवलं, नको. शिरोरेषा सरळ येत होती, आवाज शाबूत होता, डोळे आणखी वाढले नव्हते. कमी मात्रेची गोळी बरीच वर्षं घेत राहणं हाही मार्ग आहे, असं माझे डॉक्टर म्हणाले आणि मला तो पटला.

म्हणजे आता मी खरोखरच नाही म्हटलं. हे मी घरात सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, “मग सोड की आता तो विषय.” मला सोडता येत नाही. सप्टेंबरचा नकार माझा आहे, पूर्ण विचार करून दिलेला. मे महिन्यातला माझा नव्हता.

आज पाच मिलिग्रॅमची एक गोळी चालू आहे. नाडी ७८. तुमच्यापैकी कुणी ऑपरेशनला जाणार असेल तर कुठली गोळी बंद आणि कुठली चालू, हे नावानिशी कागदावर लिहून मागा. आणि डिस्चार्ज कार्ड दवाखान्याच्या पायरीवरच वाचा. इंग्रजी येत नसेल तर शेजारच्या मेडिकलवाल्याकडून शब्दन् शब्द वाचून घ्या, मगच सही करा.

माझं कार्ड अजून कुणी दुरुस्त करून दिलेलं नाही.