बाळंतिणीचे दुखणे: कुठे, का आणि किती दिवस

प्रसूतीनंतर बेंबीच्या खाली आणि मांड्यांच्या वर जे काही दुखते, त्याला घरोघरी एकच उत्तर मिळते: ‘बाळंतपणात दुखायचेच.’ प्रत्यक्षात या भागात दुखण्याच्या पाच मुख्य जागा आहेत. गर्भाशय, टाक्यांची जखम, श्रोणीचे सांधे, माकडहाड आणि श्रोणीच्या तळाचे स्नायू. प्रत्येक जागेच्या दुखण्याचे कारण वेगळे, ते वाढवणारी हालचाल वेगळी आणि ते ओसरण्याची मुदतही वेगळी. त्यामुळे नेमके कुठे दुखते, कधी दुखते आणि काय केल्यावर दुखते, हे बाळंतिणीला शांतपणे विचारणे ही उपचाराची पहिली पायरी ठरते. ती गाळली गेली, तर साध्या उपायाने थांबणारे दुखणे महिनोन् महिने अंगावर काढले जाते.

श्रोणीची रचना

श्रोणी म्हणजे हाडांचे बंद कडे. दोन्ही बाजूंना नितंबाची हाडे, मागे त्रिकास्थी आणि तिच्या टोकाला माकडहाड. नितंबाची हाडे पुढच्या बाजूला जघनसंधीत कूर्चेने सांधलेली असतात. मागे ती त्रिकास्थीला दोन सॅक्रोइलियाक सांध्यांनी जोडलेली असतात. या कड्याच्या तळाशी स्नायूंचा झोळीसारखा थर असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तोच आधार देतो.

एरवी जघनसंधीतील फट सुमारे ४ ते ५ मिलिमीटर असते. गरोदरपणात संप्रेरकांच्या प्रभावाने अस्थिबंध सैल होतात आणि ही फट २ ते ३ मिलिमीटरने वाढते. तेवढी वाढ स्वाभाविक आहे. फट १० मिलिमीटरच्या पुढे गेली, तर सांधा फाकला असे मानतात. अशा स्त्रीला पाऊल उचलणेही अवघड होते.

गर्भाशयाच्या कळा

प्रसूतीनंतर लगेच गर्भाशयाचे वजन सुमारे १ किलो असते. सहा आठवड्यांत ते १०० ग्रॅमच्या आत येते. हे आकसणे पहिल्या काही दिवसांत कळांच्या रूपाने जाणवते. बाळ स्तनाला लागले की ऑक्सिटोसिन स्रवते, म्हणून अंगावर पाजताना कळा वाढतात. पहिलटकरणीपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्या अधिक तीव्र असतात. पाजायला बसण्यापूर्वी लघवी करून येणे, ओटीपोटावर कोमट पिशवी ठेवणे आणि डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक वेळेवर घेणे एवढ्याने बहुतेकींना आराम पडतो. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही औषधे स्तनपानात सहसा सुरक्षित मानली जातात. मात्र आम्लपित्ताचा व्रण, मूत्रपिंडाचा आजार किंवा वाढलेला रक्तदाब असेल, तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये. कोडीन आणि ट्रामाडोल ही औषधे अंगावर पाजणाऱ्या मातांनी घेऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. ही औषधे दुधातून बाळात उतरतात आणि त्याचा श्वास मंदावू शकतो.

टाक्यांची जखम

योनिमार्ग आणि गुदद्वार यांच्यामधला भाग प्रसूतीत फाटतो किंवा मुद्दाम छेद देऊन वाढवला जातो. फाटण्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिलीत फक्त त्वचा, दुसरीत स्नायू, तिसरीत गुदद्वाराचा आवळ स्नायू आणि चौथीत गुदाशयाचे आतले अस्तरही फाटते. आपली जखम कोणत्या पायरीची आहे, हे प्रत्येक बाळंतिणीला स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या जखमेला पुढे स्वतंत्र तपासणी आणि फिजिओथेरपी लागते.

पहिल्या एक-दोन दिवसांत स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फ दहा ते वीस मिनिटे ठेवल्यास सूज आणि ठणका कमी होतो. त्यानंतर टबात कोमट पाणी घेऊन बसल्यास बरे वाटते. लघवी करताना जखमेवर पाणी ओतत राहिल्यास आग होत नाही. धुताना हात पुढून मागे न्यावा, जागा टिपून कोरडी करावी आणि पॅड वरचेवर बदलावे. मांडी घालून बराच वेळ बसण्यापेक्षा कुशीवर झोपून पाजणे सोपे जाते.

शेक-शेगडीची पद्धत महाराष्ट्रात अजून पाळली जाते. ताज्या टाक्यांजवळ निखाऱ्याची धग लागल्यास त्वचा भाजू शकते आणि बंद खोलीतला धूर आई व बाळ दोघांच्याही फुप्फुसांना घातक असतो. काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात, पालेभाज्याही वर्ज्य करतात. त्यातून मलावरोध होतो, कुंथावे लागते आणि टाके ताणले जातात. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर जरूर द्यावी, पण त्यांच्याबरोबर भरपूर पाणी, भाज्या, फळे आणि डाळीही हव्यात. गरज पडल्यास डॉक्टर मल मऊ करणारे औषध देतात. कमोडवर बसताना पायाखाली छोटा स्टूल घेऊन किंचित पुढे झुकल्यास कुंथावे लागत नाही.

सांधे आणि माकडहाड

जांघेच्या मधोमध किंवा कमरेच्या खाली एका बाजूला कळ येते, कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभे राहून सलवार घालताना ती वाढते, तेव्हा दुखणे सांध्यांचे असते. सिझेरियन झालेल्या स्त्रीलाही ते होते, कारण सांधे गरोदरपणातच सैल झालेले असतात. यावर पूर्ण विश्रांती हा उपाय नव्हे. ज्या हालचालीत कड्याच्या दोन्ही बाजूंवर असमान भार पडतो, ती टाळायची असते. कूस बदलताना गुडघे एकमेकांना चिकटवून ठेवावेत. कपडे बसून घालावेत. जिना चढताना कमी दुखणारा पाय आधी टाकावा, दुसरा त्याच पायरीवर आणावा. उतरताना दुखरा पाय आधी टाकावा. बाळाला एकाच कडेवर घेण्याची सवय सांध्याला सर्वांत जड जाते. त्याला दोन्ही हातांनी छातीशी धरावे. श्रोणीचा पट्टा पोटावर न बांधता खाली, नितंबांच्या पातळीवर बांधतात. पोट सपाट व्हावे म्हणून करकचून बांधलेली पट्टी पोटातला दाब खाली ढकलते आणि आधीच ताणलेल्या तळाच्या स्नायूंवर भार टाकते.

माकडहाड दुखत असेल, तर बसताना आणि बसून उठताना ठणका लागतो. मागच्या बाजूला खाच असलेली उशी वापरल्यास हाडावरचा भार सुटतो. हे दुखणे बहुधा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत कमी होते.

तळाचे स्नायू

अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामावर लेख प्रसिद्ध केला आणि त्यांचेच नाव या व्यायामाला मिळाले. वायू आणि लघवी रोखून धरावी तसे स्नायू आत-वर ओढायचे, काही सेकंद धरायचे आणि तितकाच किंवा अधिक वेळ पूर्ण सैल सोडायचे. श्वास कोंडायचा नाही. लघवी चालू असताना हा सराव करू नये.

दुखणाऱ्या प्रत्येक स्त्रीला मात्र हा व्यायाम चालत नाही. वेदनेच्या भीतीने काहींचे स्नायू सतत आवळलेले राहतात. त्यांना आणखी आवळायला सांगितल्यास दुखणे वाढते. अशा वेळी आधी सैल सोडायला शिकावे लागते. श्वास घेताना पोट फुगू द्यावे, त्याबरोबर श्रोणीचा तळ खाली उतरतो आणि श्वास सोडताना वर येतो. कुशीवर किंवा उताणे झोपून हा सराव पहिल्या दिवसापासून करता येतो. स्नायू सैल आहेत की आवळलेले, हे प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट तपासून सांगू शकतात.

अंगावर पाजण्याच्या काळात इस्ट्रोजेन कमी असल्यामुळे योनिमार्ग कोरडा राहतो आणि शरीरसंबंधाच्या वेळी दुखते. जखम भरून स्त्रीची स्वतःची इच्छा होईपर्यंत थांबावे. पाण्यावर आधारित वंगण वापरावे. तेलकट वंगणाने लॅटेक्सचा निरोध फाटतो. पतीने ही अडचण समजून घेणे हा उपचाराचाच भाग आहे.

तातडीने दाखवावे अशी लक्षणे

१००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, अंगावरून दुर्गंधी स्राव जाणे, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, टाके उसवणे, टाक्यांजवळ झपाट्याने वाढणारी सूज, लघवी अडणे, मांड्यांच्या मधली जागा बधिर होणे, मलावर ताबा नसणे, एका पोटरीत दुखून सूज येणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे. यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे. रक्तस्राव, छातीतले दुखणे किंवा धाप असेल, तर एक क्षणही थांबू नये.

लांबलेले दुखणे

तीन महिन्यांनंतरही टिकलेल्या दुखण्याचा नव्याने शोध घ्यावा लागतो. चुकीच्या जागी भरलेली जखम, दबलेली नस, ड जीवनसत्त्वाची कमतरता, क्वचित त्रिकास्थीला गेलेली चीर अशी कारणे निघतात. रात्री वाढणारे दुखणे, बारीक ताप आणि उतरणारे वजन असेल, तर भारतात सांध्याच्या क्षयाचाही विचार करतात. सततच्या वेदनेने झोप मोडते आणि मन खचते. प्रसूतीनंतरचे नैराश्य आणि वेदना एकमेकींना वाढवतात, म्हणून दोन्हींवर एकत्र उपचार हवेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पहिल्या सहा आठवड्यांत आई-बाळाच्या किमान चार तपासण्या सांगितल्या आहेत. भारतात रुग्णालयात प्रसूती झालेल्या स्त्रीच्या घरी आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचे असते. या भेटींत बाळाचे वजन पाहिले जाते. त्याच वेळी आईला बसता, चालता, लघवी-शौचाला जाता दुखते का, हेही प्रत्येक वेळी विचारले गेले आणि कुटुंबाने तिच्या उत्तरावर विश्वास ठेवला, तर यातले बहुतेक दुखणे वेळीच लक्षात येते आणि त्यावर उपचार करता येतात.