पहारेकरी कुणाचा?

लिनक्सवर गेम चालत नाहीत, हे वाक्य इतकी वर्षं कानावर पडतंय की त्यामागचं 'का' कुणी विचारेनासं झालं आहे. मुळात या दोघांत वैर नव्हतं. 'डूम' १९९४ मध्येच लिनक्सवर आला, आणि १९९७ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला तोही लिनक्स आवृत्तीचाच. १९९८ मध्ये निघालेल्या लोकी सॉफ्टवेअरनं तर गाजलेले गेम लिनक्ससाठी पोर्ट करून खोक्यातून विकायचा धंदाच मांडला. कामं चोख होती. गिऱ्हाईक पुरेसं नव्हतं. २००२ च्या जानेवारीत दुकान बंद झालं. गिऱ्हाईक नाही म्हणून गेम नाहीत आणि गेम नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही, हे रहाटगाडगं तेव्हापासून फिरत राहिलं.

ते थांबवलं एका दुभाष्यानं. विंडोजच्या प्रोग्रॅमची बोली लिनक्सला समजावून सांगणारं 'वाइन' १९९३ मध्ये सुरू झालं आणि त्याची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं लागली यात नवल नाही. विंडोज कसं वागतं याची छापील माहिती एक असते आणि ते प्रत्यक्षात वागतं दुसरंच. प्रोग्रॅम लिहिणारे त्या दुसऱ्यावरच विसंबलेले असतात. म्हणजे समोरच्याच्या चुकासुद्धा इमानानं उतरवून घ्यायच्या. ग्राफिक्सचं घोडं तर तिथंच अडलेलं होतं. २०१६ मध्ये ग्राफिक्स चिपशी बोलायची व्हल्कन ही खुली भाषा आली, मग विंडोजच्या डायरेक्टएक्सच्या आज्ञा व्हल्कनमध्ये बदलणारं डीएक्सव्हीके आलं, आणि या सगळ्याची मोट बांधून व्हॉल्व्ह या गेम कंपनीनं ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' दिलं. व्हॉल्व्हला हे पुण्यकर्म म्हणून करायचं नव्हतं. विंडोजमध्येच मायक्रोसॉफ्टनं दुकान थाटल्यावर आपल्या 'स्टीम' या गेमच्या ऑनलाइन दुकानाचं काय होणार, ही धास्ती होती. कारण काही असो, २०२२ च्या फेब्रुवारीत आलेलं 'स्टीम डेक' हे लिनक्सवर चालणारं यंत्र हजारो विंडोज गेम चालवतं, आणि खेळणाऱ्याला आत काय आहे याचा पत्ताही लागत नाही. ही शेवटी नक्कलच, असं लिनक्सचे निष्ठावंत म्हणतात. असेल, पण लिनक्ससाठी मुद्दाम केलेली आवृत्ती लायब्रऱ्या बदलल्या की काही वर्षांत आजारी पडते आणि तिचीच विंडोजवाली बहीण दुभाष्यामार्फत धडधाकट चालते, असंही अनेकदा घडतं.

मग आता अडतं कुठं? अडतं ते बहुतेक ऑनलाइन सामन्यांच्या दारात, जिथं फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर, म्हणजे अँटी-चीट, पहाऱ्याला उभं असतं. 'व्हॅलोरंट' या गेमचं 'व्हॅनगार्ड' थेट विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, म्हणजे घराच्या माजघरात, बसतं. 'लीग ऑफ लेजेंड्स' वाइनवर वर्षानुवर्षं चालत होता. २०२४ मध्ये त्याला व्हॅनगार्ड जोडलं गेलं आणि लिनक्सवर तो बंद पडला. इथं दुभाष्या उपयोगाचा नाही, कारण प्रश्न भाषेचा नसून भरवशाचा आहे. लिनक्सचा कर्नल मालकाला स्वतः बदलून, बांधून वापरता येतो. तेव्हा त्यात बसवलेल्या पहारेकऱ्याच्या साक्षीवर कंपनी विश्वास कसा ठेवणार? मुक्त प्रणालीचा जो गुण, तोच इथं गुन्हा ठरतो. दोष असता तर कुणीतरी दुरुस्त केला असता. तरी सगळेच पहारेकरी अडून बसलेले नाहीत. 'ईझी अँटी-चीट'नं २०२१ मध्येच प्रोटॉनची सोय केली; ती चालू करायची की नाही हे गेमवाल्यांनी ठरवायचं. हे अँटी-चीट एपिक या गेम कंपनीच्या मालकीचं, 'फोर्टनाइट'ही एपिकचाच, आणि फोर्टनाइटमध्ये ती सोय बंद.

फसवणाऱ्यांमुळे प्रामाणिक खेळाडूंचा खेळ नासतो, हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. 'काउंटर-स्ट्राइक २' लिनक्सवर कर्नलमधल्या पहाऱ्याशिवाय चालतो आणि त्यातल्या चीटिंगच्या तक्रारी कधी थांबत नाहीत. 'एपेक्स लेजेंड्स'नं लिनक्ससाठी उघडलेलं दार २०२४ च्या ऑक्टोबरात हेच कारण देऊन लावून घेतलं. पण माजघरातला पहारेकरीही सगळं पाहत नाही. मेमरी बाहेरून वाचणारं कार्ड संगणकात खोचून दुसऱ्याच संगणकावर चीट चालवणारे लोक विंडोजवरही आहेत. शिवाय कर्नलमध्ये परक्याला जागा देण्याची किंमत काय, हे १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे पाडून दाखवलं. ते गेमचं सॉफ्टवेअर नव्हतं, जागा मात्र तीच. उलट काही पहारा सर्व्हरवरच देता येतो: भिंतीआडचा शत्रू सर्व्हरनं खेळाडूच्या संगणकाला कळवलाच नाही, तर भिंतीपलीकडे पाहणारं चीट आंधळं होतं. व्हॅलोरंट स्वतःच ही युक्ती वापरतो. नेम धरून देणारं चीट तिनं थांबत नाही, हेही खरं. आणि लिनक्सवाले मूठभर, त्यांच्यासाठी एवढी यातायात परवडत नाही, असं कंपन्यांचं गणित असेल तर ते समजण्यासारखं आहे. तसं सरळ सांगावं. सगळा भार सुरक्षेवर टाकू नये.

स्टीम डेकसाठी व्हॉल्व्हनं विंडोजचे ड्रायव्हरही दिलेले आहेत. ज्याला फोर्टनाइट हवा, त्यानं डेकवर विंडोज घालावं आणि खेळावं. यंत्र तेच, चिप तीच, खेळणाराही तोच. एवढ्यानं तो विश्वासू ठरतो.