नेमकें थांबणें

वाचकहो, थांबणें सोपें. नेमकें तितकेंच थांबणें कठीण. आमचा नातू संगणकावर तबल्याचा ठेका धरणारा प्रोग्रॅम रचीत होता, तेव्हां हें आमच्या ध्यानीं आलें. दोन मात्रांमध्यें तो ‘थ्रेड’ला, म्हणजे प्रोग्रॅमच्या चालत्या धाग्याला, मोजून निद्रा देई, पण जाग उशिरा येई आणि ठेका हळूहळू मागें पडे.

कारण असें : विंडोजचें घड्याळ सामान्यतः सेकंदास ६४ ठोके देतें. दोन ठोक्यांत सुमारें १५.६ मिलिसेकंदांचें अंतर. म्हणून १ मिलिसेकंदाची निद्राही पुढील ठोक्यापर्यंत लांबूं शकते. बरें, न निजतां सारखें घड्याळच पाहत राहावें, तर प्रोसेसर व्यर्थ शिणतो.

उपाय जुनाच आहे. मुहूर्तासाठीं मांडलेलें घटिकापात्र बुडण्यास २४ मिनिटें लागत. उपाध्याय आरंभीं निश्चिंत असत, शेवटचीं पळें मात्र डोळ्यांत तेल घालून पाहत. थ्रेडनेंही बहुतेक काळ निजावें, अखेरचे थोडे मिलिसेकंद जागावें, आणि प्रत्येक मात्रा मागील मात्रेपासून न मोजतां आरंभापासून मोजावी. मग एका मात्रेचा उशीर दुसरीच्या माथीं बसत नाहीं. मुलें वाढवितांना वडीलधाऱ्यांनींही हेंच गणित ठेवावें, असें आम्हांस वाटतें.