अम्मांची तसबीह

२०१९च्या महापुरानंतर शिरोळच्या घरातला गाळ उपसताना अम्मांची तसबीह सापडली. दोरा कुजलेला, ३३ पैकी ३१ मणी शिल्लक. दोन मणी मी नरसोबाच्या वाडीच्या बाजारातून आणले आणि सगळे मेमरी वायरमध्ये ओवले.

ही टणक पोलादी तार स्प्रिंगसारखी वेटोळी असते. ताणून सोडली की पुन्हा आपल्या वळणावर येते. त्यामुळे फासा लागत नाही, मनगटात नुसती सरकवायची. टोकं मात्र पक्कडीने वळवायची, नाहीतर मणी निसटतात. आणि दागिन्यांच्या नाजूक कटरने ती तोडू नका. माझ्या कटरच्या धारेला पहिल्याच तुकड्यात खाच पडली.

अम्मांनी कौतुकाने घातली. फजरनंतर हातात घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे सरकतच नाही." मी तार मण्यांनी गच्च भरली होती! दोऱ्यात ढील असते म्हणून मणी बोटाखालून पुढे जातो, हे ध्यानातच आलं नव्हतं.

सगळं उतरवलं. लांब तार कापून चार बोटं जागा मोकळी सोडली. आता मणी चालतात. वाडीचे दोन जरा मोठे आहेत, तिथे अम्मांचं बोट क्षणभर थांबतं.